सिगारची पेटी आणि पुण्याची हवा

श्रोतेहो, नमस्कार.

आधीच सांगून टाकतो: तंबाखू घातक आहे, आणि सिगार त्याला अपवाद नाही. धूर छातीत न घेता तोंडात घोळवून सोडला, तरी तोंडाचा आणि घशाचा धोका टळत नाही. तेव्हा आजचं बोलणं सिगार ओढण्याबद्दल नाही. हवेतला ओलावा एका लाकडी पेटीत धरून ठेवायचा जो खटाटोप चालतो, त्याबद्दल आहे.

माझा धंदा मोजमापाची छोटी उपकरणं दुरुस्त करण्याचा. आर्द्रतामापक हे त्यातलंच एक. त्यामुळे स्वतः ओढत नसूनही या पेट्या माझ्या टेबलावर येतात. ह्युमिडॉर म्हणतात त्यांना. कुणाला परदेशातल्या जावयानं दिलेली असते, कुणी निवृत्त फौजी अधिकारी कॅम्पातून घेऊन येतात. तक्रारी मात्र वर्षानुवर्षं दोनच. एप्रिलमध्ये, "काका, काटा पन्नाशीच्या वर चढतच नाही." आणि जुलैत, "काका, काटा ऐंशीवरून उतरतच नाही, वर पानांवर पांढरं काहीतरी धरलंय."

दोन्ही तक्रारी एकाच पेटीच्या असू शकतात, ही पुण्याची गंमत आहे. पेटीबरोबर जो सूचनांचा कागद येतो तो थंड देशातल्या घरासाठी लिहिलेला असतो. तिथे हिवाळ्यात हीटर चालतो, घरातली हवा सुकते, म्हणून पेटीत ओलावा घालत राहायचा. आपल्याकडे काही महिने घालायचा आणि चार महिने काढायचा. कागदात दुसरं अर्धं लिहिलेलंच नसतं.

आता मुळात हे करायचं कशासाठी? हातानं वळलेल्या सिगारमध्ये कागद नसतो. आत भरणाची पानं, त्यांना बांधून धरणारं एक पान, आणि सगळ्यात वर एक पातळ, निवडक पान. सगळी तंबाखूचीच. पान सुकलं की वरचं आवरण तडकतं, धूर गरम आणि तिखट होतो, आणि पानातली सुगंधी तेलं हळूहळू उडून जातात. जास्त भिजलं तर पान फुगतं, हवा ओढली जात नाही, विस्तव सारखा विझतो, आणि मग बुरशी. आपल्या पानवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही, तो विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळूनच बसतो. विडी वळणाऱ्या बायकाही तेंदूची पानं आधी भिजवून मऊ करून घेतात, नाहीतर कापतानाच पानाचा चुरा. सिगारचं पान तितकं ओलं चालत नाही, एवढाच फरक. त्याला साधारण ६५ ते ७२ टक्के सापेक्ष आर्द्रता लागते, आणि तापमान १८ ते २१ अंश सेल्सियस.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, ते. हवा जितकी गरम तितकी तिची वाफ धरायची ताकद जास्त. २० अंशांना एका घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम. हवामान खातं पुण्याच्या आर्द्रतेचे रोज दोन आकडे देतं, सकाळी साडेआठचा आणि संध्याकाळी साडेपाचचा. एप्रिलमधले हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, एकाच दिवसाचे आहेत यावर विश्वास बसणार नाही. उन्हाळ्याच्या दुपारी आपली हवा वीस टक्क्यांच्या आसपास येते. पावसाळ्यात तीच हवा दिवसचे दिवस ऐंशीला टेकलेली असते. आपण ज्याला सिमला ऑफिस म्हणतो त्या शिवाजीनगरच्या कचेरीत हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून आलं. मोजायला इतकी चढउतार करणारी हवा त्यांना फारशा ठिकाणी मिळाली नसती, असं मी आपलं गमतीनं म्हणतो.

आता काट्याकडे वळू, कारण पेटीवाल्यांची निम्मी झोप तो उडवतो. वीस लिटरची पेटी घ्या. २० अंश तापमान, ७० टक्के आर्द्रता. आतल्या सगळ्या हवेत मिळून वाफ किती असेल? पाव ग्रॅम. जेमतेम पाव ग्रॅम! एका सिगारच्या पानांतच त्याच्या कित्येक पट पाणी असतं, आणि पेटीच्या लाकडात त्याहूनही जास्त. म्हणजे झाकण उघडलं की तो पाव ग्रॅम बाहेर गेला, काटा धाडकन खाली आला, आणि सिगारला पत्ताही लागला नाही. झाकण लावून दोन-तीन तास थांबा, लाकूड आणि पानं मिळून हवा परत जागेवर आणतात. पण मंडळींना धीर नसतो. काटा उतरला की पेटीत ओलाव्यासाठी ठेवलेल्या स्पंजावर घाला पाणी, चढला की काढा स्पंज. दर तासाला पेटी उघडून बघणाऱ्याची पेटी कधीच स्थिर होत नाही.

आणि तो काटा खरा आहे कशावरून? पेटीबरोबर येणारी गोल तबकडीची मापकं शोभेची असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा-बारा टक्क्यांचा फरक त्यांच्यात मी रोज बघतो. पूर्वीची मापकं माणसाच्या केसावर चालत. द सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं १७८३ साली तसल्या मापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, त्यावर काटा फिरवायचा. आजच्या स्वस्त तबकडीपेक्षा तो केस जास्त प्रामाणिक.

मापक तपासायचं साधन तुमच्या स्वयंपाकघरात आहे: मीठ. बाटलीचं एक बूच घ्या, त्यात चमचाभर मीठ, वर पाण्याचे काही थेंब. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. ते बूच आणि मापक एका झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवा, पिशवी घट्ट बंद करा, आणि चोवीस तास हात लावू नका. मिठाचं असं संपृक्त द्रावण बंद जागेतली हवा ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं, आणि घरातलं तापमान थोडं इकडंतिकडं झालं तरी त्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. मापक ७५ ऐवजी ६८ दाखवत असेल, तर ते सात टक्के कमी दाखवतं. पाठीमागे स्क्रू असला तर फिरवून घ्या, नसला तर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा. फक्त खडेमीठ वापरू नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी फार आधीपासून ओढतात आणि आकडा बिघडतो. पावसाळ्यात खडेमिठाच्या बरणीला पाझर फुटतो तो त्यांच्यामुळेच. साधं बारीक मीठ मात्र पंचाहत्तरीच्या आसपासच पाणी धरायला लागतं. म्हणजे टेबलावरच्या मिठाच्या डबीतून मीठ पडेनासं झालं, की सिगारवाल्यांनी समजून घ्यावं, बाहेरची हवा आता पेटीपेक्षा ओली आहे.

पेटीत ओलावा राखायला हल्ली बोवेडासारख्या कंपन्यांच्या तयार पुड्या मिळतात, त्यांतही हेच तत्त्व आहे. आत क्षाराचं संपृक्त द्रावण, बाहेर वाफ आत-बाहेर जाऊ देणारा पडदा. पुडीवर ६२, ६५, ६९, ७२ असा आकडा असतो. हवा त्याहून कोरडी असेल तर पुडी ओलावा देते, ओली असेल तर शोषून घेते. साध्या पाण्याचा स्पंज फक्त देऊ शकतो, घेऊ शकत नाही. म्हणून जुलैत तो पेटीत असणं म्हणजे बुरशीला आवतण. पहिल्या पावसानंतर तो काढून सरळ ड्रॉवरमध्ये टाका. पुण्यात माझा सल्ला असा: उन्हाळ्यात ६९ची पुडी, पावसाळ्यात ६५ची. पुडी कडक, दाणेदार लागायला लागली की संपली, नवी घाला. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी मात्र ठेवू नका. तिला कुठे थांबायचं ते कळत नाही, ती पानांचा पापड करून सोडते.

स्पंज वापरणाऱ्यांनी पाणी डिस्टिल्डच घालावं, औषधाच्या दुकानात मिळतं. खडकवासल्याचं पाणी कितीही गोड असलं तरी त्यात क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार स्पंजात राहतात आणि भोकं बुजतात. बोअरिंगच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको.

पेटीच्या आतलं लाकूड बहुधा सेड्रेला नावाच्या झाडाचं असतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड, आपल्या कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातलं. आपल्याकडचा तून हा त्याचा जवळचा नातलग. ते ओलावा सावकाश घेतं, सावकाश सोडतं. इथल्या सुताराकडून पेटी करून घेणारे हौशी लोक आतून देवदार लावतात. लावू नका. त्याचा उग्र वास पानात मुरतो. नवी पेटी आणली की लगेच भरायचीही नाही. कोरडं लाकूड सिगारमधलंच पाणी पिऊन टाकतं. आत बशीभर डिस्टिल्ड पाणी ठेवून पेटी आठ-पंधरा दिवस बंद ठेवा. ओल्या फडक्यानं आतून पुसायचा शॉर्टकट काही जण सांगतात, त्यानं फळ्या वाकतात आणि झाकण बसत नाही. झाकण बसतं का ते बघायला विजेरी पेटून आत ठेवा, खोलीत अंधार करा; फटीतून उजेड आला तर ओलावाही त्याच वाटेनं जाणार.

पेटी ठेवायची कुठे? वाड्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न नव्हता, जाड भिंतींचं माजघर होतं. फ्लॅटमध्ये पश्चिमेची भिंत टाळा, फ्रिजचं डोकं टाळा, एसीचा थेट झोत टाळा. खरी भीती मे महिन्याची. तापमान २४-२५च्या वर राहिलं की पानात आधीच असलेली तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी उबतात. दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस किडा. हाच स्वयंपाकघरात हळकुंडांना आणि धण्यांना भोकं पाडतो. सिगारला टाचणीएवढं भोक दिसलं, तर सगळ्या सिगार हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस ठेवा, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. घाईनं गरम हवेत काढल्यात तर आवरण तडकलंच. पेटी रिकामी करून नीट झाडून घ्या.

ज्यांना हे सगळं जड वाटतं त्यांना मी महागडी पेटी घ्यायला सांगतच नाही. रबराची कड असलेला, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सेड्रेलाची एक फळी आणि एक पुडी. पुण्याच्या पावसाळ्यात हा डबा भल्या भल्या पेट्यांना भारी पडतो. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदलली की झालं. डबा नवा घ्या. दिवाळीचा चिवडा ठेवलेला डबा कितीही घासलात तरी लसूण जात नाही.

आता एक प्रश्न हमखास येतो: सुकून काडी झालेल्या सिगार वाचतील का? वाचतात, पण घाई केलीत तर नाही. आधी ६२ची पुडी घालून दोन-तीन आठवडे, मग ६५ची, मग हवी तर ६९ची. एकदम ७२ टक्क्यांत टाकलं की वरचं पान आधी फुगतं, आतलं कोरडंच राहतं, आणि सिगार उभी चिरते. महिना-दीड महिना लागेल. तेवढ्यानं पान परत मऊ होईल. उडून गेलेलं तेल मात्र कुठल्याच पुडीत मिळत नाही, तेव्हा चव आधीसारखी असेल असं मी कुणाला सांगत नाही. आणि पांढरा थर पुसल्यावरही जर लव उगवत राहिली, किंवा हिरवट-निळी झाक दिसली, तर ती बुरशी. किंमत कितीही असो, ती सिगार कचऱ्यात, आणि शेजारच्या सगळ्या एकेक करून उजेडात तपासायच्या.

नमस्कार.