लिस्बनमधली १२ जूनची रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

लिस्बनमधली पहिलीच दुपार. एका खाणावळीत जेवत होते, तर शेजारच्या टेबलावरून आवाज आला, ‘पगार’. मी दचकले. इथे कुणाचा पगार? मागून कळलं, पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणं. ते गृहस्थ बिल मागत होते. मग कानच टवकारले. पाव, बटाटा, साबण, चावी... वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतली, गोवा १९६१ साली मोकळा झाला. हे शब्द मात्र आपल्या घरात ठाण मांडून बसले ते बसलेच.

शहर टेकड्यांवर वसलेलं, त्यामुळे सगळा चढउतार. पायाखाली चुनखडीचे बारके दगड, पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. दोन थेंब पडले की घसरगुंडीच! चांगले बूट न्या. २८ नंबरची पिवळी ट्राम सकाळी लवकर गाठा. नंतर तिच्यात गर्दी आणि खिसेकापू दोन्ही असतात. लोकलने जाणाऱ्यांना जास्त सांगायला नको.

शहरातल्याच बेलेम भागात वास्को द गामाची कबर आहे. जवळच १८३७ पासून चालणारं कस्टर्डच्या पेस्ट्रीचं दुकान, त्यापुढे भलीमोठी रांग. खरं सांगू? मला गल्लीतल्या बेकरीतली पेस्ट्रीही तितकीच आवडली.

१७५५ च्या १ नोव्हेंबरला भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत आला, आगी लागल्या. नदीकाठचा सखल भाग मग सरळ रस्ते आखून नव्याने बांधला. आल्फामा ही जुनी वस्ती मात्र बरीचशी तगली. दोन माणसं जेमतेम जातील अशा तिथल्या गल्ल्या. १२ जूनच्या रात्री, संत अँथनीच्या सणाच्या आदल्या दिवशी, मी तिथे होते. दारोदारी शेगड्या, त्यावर सार्डिन म्हणजे आपल्या तारल्यांच्याच जातीची मासळी, डोक्यावर कागदी माळा, कपड्यांना धुराचा वास. झोपेचं नाव नको.

आणि जिकडेतिकडे विकायला ‘मांजेरिकू’च्या कुंड्या. तुळशीचीच चुलत बहीण, बारीक पानांची. वर कागदी फूल आणि चार ओळींची प्रेमकविता खोचलेली. संत अँथनी लग्नं जुळवतात ना! मी कुंडी घेऊन वास घ्यायला नाक खाली नेलं, तर विकणाऱ्या आजीबाईंनी हात आडवा घातला. नाकाने थेट हुंगायचं नाही म्हणे, रोप सुकतं. त्यांनी माझा तळहात धरून पानांवरून फिरवला आणि माझ्याच नाकाशी आणला.

कुंडी विमानातून आणणं काही जमणारं नव्हतं. उतरले होते त्या घरमालकिणीच्या खिडकीत ठेवून आले.