दुर्गाबाई कामावर निघाल्या

(दृश्य : 'अयोध्येचा राजा'. तारामतीचा चेहरा जवळून. सुरुवातीला फक्त मूळ आवाज.)

हा आवाज १९३२ सालचा. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि तारामतीच्या वेषात दुर्गा खोटे. वय सत्तावीस.

नीट ऐका. गाणं आणि चेहरा एकाच वेळी टिपलेले आहेत. पार्श्वगायन अजून यायचं होतं. पडद्यावर जी दिसणार तिनंच कॅमेऱ्यासमोर उभं राहून गायचं, वाजवणारे चौकटीबाहेर बसायचे. सूर हुकला की सगळं पुन्हा. मान किती वळवायची हेसुद्धा मायक्रोफोन कुठे आहे ते पाहून ठरायचं. ध्वनिमुद्रण दामल्यांचं, नेपथ्य फत्तेलालांचं. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्रही तेच. एवढं करून पुन्हा हेच सारं हिंदीत! त्या काळातल्या कितीतरी बोलपटांची आज एक फूटही फिल्म उरलेली नाही. हा चित्रपट टिकला, म्हणून हा आवाज आपल्या कानावर पडतो आहे.

(दृश्य : गिरगाव, कांदेवाडी. सकाळची वर्दळ.)

ही कांदेवाडी. इथे लाड कुटुंबाच्या भरल्या घरात दुर्गाबाई वाढल्या. कॅथीड्रल शाळा, सेंट झेवियर्स कॉलेज, मग खोट्यांचं श्रीमंत सासर. पुढे सासरचा पैसा गेला. पदरात दोन मुलगे. दुर्गाबाईंनी आधी शिकवण्या धरल्या, मग सिनेमा. रंगभूमीवर तेव्हा बालगंधर्व नायिका रंगवत होते. अशा दिवसांत कॉलेजात शिकलेल्या, घरंदाज सुनेनं तोंडाला रंग लावला. १९३१चा 'फरेबी जाल' हा पहिला चित्रपट. भूमिका लहान, बोभाटा मोठा. लोक बोलले ते बोलले, दुर्गाबाई पुन्हा कामावर गेल्या. घर चालवायचं होतं.

(दृश्य : पुणे, प्रभातचा जुना स्टुडिओ. त्यावरून 'अमरज्योती'तली सौदामिनी.)

१९३३मध्ये प्रभात पुण्यात आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच ही जागा. 'अमरज्योती' १९३६चा. सौदामिनीला तिच्या मुलाचा ताबा नाकारला जातो. ती रडत बसत नाही. जहाज घेते, चाच्यांची नायिका होते आणि राज्यालाच आव्हान देते. नव्वद वर्षं होत आली या भूमिकेला! दुर्गाबाईंची उंची पाहा, नजर पाहा, आवाजातली जरब ऐका. यापुढे मी बोलत नाही.

(मूळ आवाज. सौदामिनीचा प्रसंग.)

नटनट्या तेव्हा एकाच कंपनीच्या महिन्याच्या पगारावर असत. दुर्गाबाईंनी ती चौकट मोडली. कलकत्त्याला न्यू थिएटर्स, ईस्ट इंडिया फिल्म कंपनी, परत प्रभात, शिवाय मुंबईतल्या कंपन्या. जिथे काम चांगलं तिथे त्या. १९३७मध्ये 'साथी' हा चित्रपट स्वतः काढला, दिग्दर्शितही केला. स्वतःच्या कामाची किंमत स्वतः ठरवणारी बाई, तीही त्या काळात!

(दृश्य : नाटकांची छायाचित्रं.)

रंगभूमीवरच्या दुर्गाबाई आपल्या हाती छायाचित्रांपुरत्याच. इप्टा ही नाट्यचळवळ, मुंबई मराठी साहित्य संघ. शिरवाडकरांनी मॅकबेथवरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्ये समोर नानासाहेब फाटक. १९५८मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार.

(दृश्य : 'मुघल-ए-आझम'. जोधाबाई.)

१९६०. एकीकडे बादशहा नवरा, दुसरीकडे बंड करून उठलेला मुलगा. मधे जोधाबाई. संवादाच्या आधीचा तो थांबा पाहा. हा थांबा नाटकातून आलेला आहे.

(दृश्य : 'बॉबी', मग 'बिदाई'.)

मग 'बॉबी'तली गोव्याची ख्रिस्ती आजी. पाठोपाठ 'बिदाई', आणि त्यासाठी फिल्मफेअर. तोवर सत्तरी आली होती. स्वतःची निर्मितीसंस्था होतीच. १९८८मध्ये घराघरांत पाहिली गेलेली 'वागले की दुनिया' ही दूरदर्शन मालिका त्याच संस्थेची.

१९६८ला पद्मश्री, १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार. २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई गेल्या.

(दृश्य : पुन्हा तारामती. निवेदन नाही. गाणं शेवटपर्यंत ऐकू द्यावं.)