जंगल तारण ठेवायचं म्हणजे नक्की काय?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावाखाली 'अर्थतज्ज्ञ' छापलंय ते मनावर घेऊ नका, मी तीस वर्षं बँकेत कर्जं वाटली आणि त्यातली बरीचशी वसूल पण केली, एवढीच आपली पात्रता. (हशा) विषय आहे 'निसर्गातली गुंतवणूक'. वेळ चाळीस मिनिटं, त्यातली दहा सत्कारात गेली, पण नारळ मिळाला, तो जमेला धरू.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मॅनेजरने एक गोष्ट डोक्यात बसवली. तारण काहीही घे, घर घे, दागिने घे, गोडाऊनमधली साखर घे, पण सही घ्यायच्या आधी मनातल्या मनात त्याचा लिलाव करून बघ. गिऱ्हाईक दिसत नसेल तर ते तारण नाही. मला आज खरं तर एवढंच सांगायचंय, पण आधी मावशीचा आंबा, त्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही, ज्यांनी ऐकलाय त्यांनी परत ऐका.

कुडाळजवळ मावशीच्या दारात रायवळ आंबा होता, दोघांनी हात धरले तरी कवेत न मावणारा. रस्ता रुंद होणार म्हणून मोजणीचे साहेब आले. जात कुठली, वय किती, वर्षाचं उत्पन्न किती. मावशी म्हणाली, "मोजूक कोण बसता? आख्खी वाडी खाता, उरले ते माकडा खातत." आता साहेबांनी रकान्यात लिहायचं काय? त्यांनी उत्पन्न शून्य लिहिलं आणि झाड लाकडाच्या हिशोबात टाकलं. म्हणजे जिवंतपणी शून्य आणि आडवं पडल्यावर भाव! मी नेमका सुट्टीवर होतो, खिशात कॅल्क्युलेटर (तेव्हा तो आमचं जानवंच होता), मी हटूनच बसलो की साहेब, लोणचं धरा, साटं धरा, दुपारी पोस्टमन सायकल लावून पारावर झोपतो ती सावली धरा. साहेब शांतपणे म्हणाले, सावलीला रकाना नाहीये.

आणि खरी गंमत पुढे. शेजाऱ्याला मोजणीची तारीख आधीच कळली होती, कशी ते विचारू नका, त्याने आठवडाभर आधी हापूसची कलमं ओळीने लावून टाकली, घाई एवढी की काही तर प्लास्टिकच्या पिशवीसकट मातीत. त्याला मावशीपेक्षा जास्त पैसे मिळाले. अजून तिथून गाडी गेली की माझं डोकं फिरतं, बायको म्हणते आता पुरे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बघा, म्हणजे मुद्दा राहिलाच, तर पटापट.

१९९७ साली रॉबर्ट कोस्टान्झा या पर्यावरण-अर्थतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अख्ख्या पृथ्वीला तो सावलीचा रकाना काढून दिला. पाणी, माती, परागीभवन सगळं धरून वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर, आणि तेव्हा जगाचं एकूण उत्पन्न साधारण १८ लाख कोटी, म्हणजे गिऱ्हाईकाच्या खिशापेक्षा मालच मोठा. हेतू चांगला होता, फुकट समजून तोडू नका एवढाच, मला पण वाटलं चला, मावशी जिंकली.

पण आकडा आला की मागून दलाल येतोच. २०२१ ला न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज आणि इंट्रिन्सिक एक्स्चेंज ग्रुपने 'नॅचरल अॅसेट कंपनी' नावाचा कंपनीचा नवाच प्रकार काढला, म्हणजे निसर्ग जी कामं करतो त्यांचे हक्क कंपनीकडे आणि शेअर बाजारात. २०२३ ला तिथल्या नियामकाकडे प्रस्ताव गेला, जानेवारी २०२४ ला मागे घेतला. विरोध दोन्हीकडून, रिपब्लिकन मंडळी म्हणाली आमची चराऊ कुरणं बंद पाडाल, आणि काही पर्यावरणवाले म्हणाले वॉल स्ट्रीट जंगल गिळेल. माझा प्रश्न मॅनेजरचाच, कंपनी बुडाली तर लिलावात काय निघणार, पाऊस?

आपल्याकडे जंगलाची जमीन खाणीबिणीसाठी वळवायची तर एनपीव्ही भरावा लागतो, म्हणजे नेट प्रेझेंट व्हॅल्यू, त्या जंगलाच्या पुढच्या उपयोगाची आज धरलेली किंमत. २००८ ला सुप्रीम कोर्टाने मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख, २०२२ ला वाढून ९.५७ ते १५.९५ लाख. जंगल महाग व्हावं म्हणून हे केलं, पण माझ्या मते ते खाणवाल्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधली एक ओळ होऊन बसलं, भरले की सुटले. मग सरकारची ग्रीन क्रेडिट योजना, म्हणजे झाडं लावा आणि क्रेडिट कमवा, २०२४ च्या नियमात एक झाड एक क्रेडिट, हेक्टरी किमान ११०० झाडं. माझ्या डोळ्यासमोर लगेच शेजाऱ्याची कलमं! २०२५ ला नियम सुधारले, आता पाच वर्षं जगवून दाखवायचं, झाडांच्या फांद्यापानांनी ४० टक्के छत्र धरायला हवं, बरं झालं, पण आपल्या माळरानाचं काय, लांडगा आणि माळढोक छत्राखाली राहत नाहीत हो.

निसर्गातून पैसा नकोच असं मी म्हणत नाही. गडचिरोलीत मेंढा लेखा या गावाला २००९ ला साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ पासून गाव स्वतः बांबू विकतं. बांबू विकतं, जंगल नाही, कारण २००६ च्या वनहक्क कायद्यात सरळ लिहिलंय की हा हक्क वारसाने जातो, विकता येत नाही. हो हो, संपवतो. ती फाईल कर्जासाठी आमच्याकडे आली असती ना, तर मॅनेजरने लाल शाईत 'तारण अपात्र' लिहून त्याच दुपारी परत पाठवली असती, आणि मेंढ्यात कोणाची झोप उडाली नसती.