डिपॉझिट किती भरताय?

(दृश्य : भुसावळचं रेल्वे हॉस्पिटल, सकाळची ओपीडी.)

भुसावळला रेल्वेच्या घरात कुणी आजारी पडलं, तर काळजी माणसाची असते. पैशाची नसते. गँगमन असो की गार्ड, कार्ड दाखवायचं आणि डॉक्टरांपुढे बसायचं. नोकरीत असेपर्यंत त्यासाठी पगारातून दरमहा कपात नाही. इथं होत नाही ते ऑपरेशन असलं, तर रेल्वे पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलात पाठवते आणि बिलही रेल्वेच भरते. निवृत्त होताना एकदाच ठरावीक रक्कम भरली, की नवरा-बायकोला ही सोय पुढेही राहते. रेल्वे दवाखान्यापासून अडीच किलोमीटरपलीकडे राहणाऱ्या पेन्शनरला ओपीडीऐवजी महिन्याला १००० रुपये भत्ता घेता येतो. रक्कम तोकडी आहे. पण माणूस वाऱ्यावर सोडलेला नाही.

(दृश्य : धडगावकडे चढणारा घाट. जिल्हा परिषदेची शाळा.)

आता सातपुड्यात या. मोलगी, धडगाव, तोरणमाळच्या पाड्यांवरचे शिक्षक, तलाठी, आरोग्यसेविका. हेही सरकारचेच नोकर. उपचाराचा हक्क त्यांनाही आहे, राज्याच्या १९६१ च्या नियमांपासूनचा. त्याचं नाव प्रतिपूर्ती. म्हणजे पैसे आधी तुम्ही भरायचे, मग मागायचे. खासगी दवाखान्यातल्या उपचारासाठी २००५ च्या शासन निर्णयात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी आहे. आजार त्या यादीत बसावा लागतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शहादा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. एका रात्री छातीत कळ आली. नंदुरबारहून पुढे नाशिकला न्यायला सांगितलं. पहाटे हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न आला, "डिपॉझिट किती भरताय?"

अण्णांचं ओळखपत्र माझ्या हातात होतं. त्या काउंटरवर त्याला काही किंमत नव्हती. मायनं पाटल्या काढून मामाच्या हातात दिल्या. उरलेले पैसे शिक्षक पतपेढीच्या कर्जातून उभे केले.

(दृश्य : जाडजूड फाइल, शिक्के, सुतळी.)

अण्णा बरे झाले. मग फाइलचा प्रवास सुरू झाला. डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक औषधाची मूळ पावती, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याची प्रमाणपत्रं. पंचायत समिती, जिल्हा शल्यचिकित्सकांची तपासणी, जिल्हा परिषद. एक सही राहिली म्हणून फाइल परत. मंजुरी आली तेव्हा अनुदान नव्हतं. अण्णांचे एक सहकारी अहिराणीत म्हणाले होते, "पैसा येतीन, पन कव्हय?" पैसे आले, कापून आले. पतपेढीचं व्याज आणि गाडीभाडं प्रतिपूर्तीत धरलं गेलं नाही. ते आमच्याच अंगावर पडलं.

ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्यालाच हा हक्क वेळेवर उपयोगी पडतो, आणि पाड्यावर नोकरी करणाऱ्याला तर दवाखानाही लांब, पैसाही लांब. दुसरा मार्ग याच राज्यात आहे. पोलिसांच्या कुटुंब आरोग्य योजनेत यादीवरच्या हॉस्पिटलात गंभीर आजारावर रोख न भरता उपचार होतात. तलाठ्याला, मास्तरला, नर्सबाईला अशी स्वतःची योजना का नाही? नर्सबाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाळंतपणाला धावायचं आणि स्वतःवर वेळ आली की सोनं मोडायचं, हे मला पटत नाही.

(दृश्य : पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाया.)

आणि सरकारी काम करूनही सरकारच्या हजेरीपटावर नसलेल्यांचं काय? कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, जिथं लागू होतो तिथं २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या ठेका कामगारालाही कुटुंबासह उपचार मिळतात. १२,००० पगार असेल तर कामगाराचे कापायचे फक्त ९० रुपये, मालकाने भरायचे ३९०. आजारपणाच्या रजेत ७० टक्के मजुरीही मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. फक्त ठेकेदारानं नाव नोंदवलेलं हवं. ताई, तुमचा विमा क्रमांक ठेकेदाराकडे मागा. पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात दिसते का, ते बघा.

(दृश्य : ओसरी, लोखंडी ट्रंक.)

अण्णा आता निवृत्त आहेत. गावात कुणाचं मेडिकल बिल करायचं असलं, की माणसं त्यांच्याकडे येतात. अण्णा ट्रंकेतून स्वतःच्या फाइलची झेरॉक्स काढतात, चष्मा लावतात आणि कोणता कागद वर, कोणता खाली, ते लावून देतात.