डोळ्यात घड आहे का?

श्रोतेहो, नमस्कार.

तासगाव भागातला द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीच्या आधी काडी तपासून घेतो. वरून सगळ्या काड्या सारख्याच दिसतात. डोळ्याच्या आत घड धरलाय का, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. बेसबॉलसाठी पोरं निवडताना मला दर वेळी ही काडी आठवते. आज बोलायचंय ते इनफिल्डरबद्दल, म्हणजे बेसच्या (धावणाऱ्यानं गाठायच्या टप्प्यांच्या) आसपास उभं राहून जमिनीवरून येणारे चेंडू अडवणाऱ्या खेळाडूबद्दल.

त्याचं काम भलतं घाईचं. होम म्हणजे बॅटवाला उभा राहतो ती जागा, तिथून पहिला बेस 90 फूट. चांगला पळणारा मोठा खेळाडू चेंडू मारल्यापासून सव्वाचार-साडेचार सेकंदांत तिथं पोचतो. त्याला बाद करायचं तर तेवढ्यात चेंडू गाठायचा, उचलायचा आणि पहिल्या बेसवर फेकायचा. तिसऱ्या बेसवरून पहिल्यावर फेक 127 फुटांची. चेंडू एकदा हातातून निसटला की समोरचा पोचलाच समजा.

आपल्याकडं चाचणीत सगळ्यांची नजर आधी दंडावर जाते. ‘काय हात आहे हो पोराचा!’ हात लागतोच, नाही म्हणत नाही. पण चौदाव्या वर्षीच मिसरूड फुटलेल्याचा हात बाकीच्यांपेक्षा जोरकस असणारच. दोन वर्षांत ती पोरंही वाढतात आणि याचं नवल संपतं. म्हणून मी पाय बघतो. पिचर चेंडू टाकताना पोरगं टाचांवर उभं आहे की चवड्यांवर? बॅटचा आवाज झाला की पहिलं पाऊल कुठं पडतं? ते उलटं पडलं तर मागाहून कितीही पळा.

इथं खो-खोची पोरं उठून दिसतात. खो मिळताच बसल्या जागेवरून सुटायची त्यांना सवय. खोट एकच. एकदा दिशा घेतली की बदलायची नाही, हे अंगात इतकं मुरलेलं, की चेंडू खड्यावर आपटून वळला तरी हे आपले सरळच निघालेले. क्रिकेटच्या पोरांचं दुखणं निराळं. ती गुडघा टेकून चेंडू अडवतात. तिथं त्यानं चौकार वाचतो. इथं तो गुडघा उचलेपर्यंत धावणारा बेसवर उभा.

मग ग्लव्ह. इनफिल्डरचा ग्लव्ह लहान आणि उथळ असतो, चेंडू चटकन काढता यावा म्हणून. मी नुसत्या हातानं चेंडू घरंगळत सोडतो आणि पोरगं तो न बघता बाहेर काढतंय का, एवढंच पाहतो.

चुका मोजण्यावर माझा फारसा विश्वास नाही. 1993 साली अमेरिकेत खालच्या लीगमधल्या ग्रीन्सबरोच्या संघात शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला इनफिल्डर, म्हणून खेळताना डेरेक जीटरनं एका हंगामात 56 चुका केल्या. पुढं न्यूयॉर्क यांकीजकडून त्यालाच उत्तम क्षेत्ररक्षणाचे पाच गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाले. म्हणून चुका करणारा प्रत्येक जण जीटर होत नाही, हेही खरं! पण जो चेंडूपर्यंत पोचतच नाही, त्याच्या नावावर चूक लागतच नाही. कागदावर तो गुणी आणि धावून जाणारा धांदरट.

अमेरिकेतले स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, 20 ते 80 असे गुण देतात. 50 म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमधला साधारण खेळाडू. प्रत्येक कौशल्याचे आकडे दोन, एक आजचा आणि एक उद्याचा. ती फूटपट्टी जशीच्या तशी लावली तर आपली सगळी पोरं विसावरच बसतील. म्हणून माझ्या वहीत 50 म्हणजे राज्याच्या संघात शोभेल असा. आजचा आकडा मी पेनानं लिहितो, उद्याचा पेन्सिलनं.

गेल्या उन्हाळ्यात मिरजेजवळच्या एका गावात चाचणी घेतली. काळी माती, भेगाळलेली. एक चेंडू भेगेवर आपटून उसळला आणि एका किडकिडीत पोराच्या ओठावर बसला. रक्त आलं. मी थांब म्हणालो. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि परत जागेवर गेला. पुढचा चेंडू मी मुद्दाम त्याच्याकडंच मारला. मघापेक्षा तो दीड पाऊल पुढं येऊन उभा होता. चेंडू घेतला आणि फेकला पार पहिल्या बेसवरच्या पोराच्या डोक्यावरून.

वहीत पेनानं 30 लिहिलं. पेन्सिलचा रकाना मोकळाच ठेवलाय. दिवाळीनंतर परत बघायला जायचंय.