नकाशावर आकडा वाढला, म्हणजे मुलांमधला कॅन्सर वाढला का?

जपानमध्ये 1985 पासून देशभर एक तपासणी सुरू झाली. बाळ सहा महिन्यांचं झालं की आईवडील त्याची लघवी टिपकागदावर घ्यायचे आणि तो कागद पोस्टाने प्रयोगशाळेत पाठवायचे. शोध होता न्यूरोब्लास्टोमाचा, चेतासंस्थेच्या कोवळ्या पेशींमध्ये होणाऱ्या कॅन्सरचा. रुग्ण भराभर सापडू लागले. नुसता आलेख बघितला तर वाटेल, या बाळांना अचानक झालं तरी काय?

आजार वाढला नव्हता, शोध वाढला होता. यातल्या कितीतरी गाठी आपोआप विरून जाणाऱ्या होत्या. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या आणि जर्मनीतल्या अशाच तपासण्यांचे निकाल 2002 मध्ये आले: निदान वाढलं, मृत्यू घटले नाहीत. पुढच्याच वर्षी जपानने तपासणी थांबवायचं ठरवलं. पण तोवर काही बाळांना गरज नसलेली केमोथेरपी सोसावी लागली होती. मला हे फार लागतं.

आता उलटं बघा. डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा, जगात बहुतेक सगळीकडे साधारण 17 हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. मग एखाद्या मोठ्या प्रदेशात तो जवळपास नाहीच असं दिसलं, तर मला आधी शंका येते ती नोंदींची. मूल निदानाआधीच गेलं, तर ते कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही. आणि वर्षाला 17 हजारच जन्म असतील तिथे? एखाद्या वर्षी शून्य, एखाद्या वर्षी तीन. तीन म्हणजे लगेच साथ नव्हे.

पण काही फरक अगदी खरे असतात. दक्षिण ब्राझीलमध्ये मुलांना अॅड्रिनल ग्रंथीचा, म्हणजे मूत्रपिंडावरच्या संप्रेरकं (हार्मोन) बनवणाऱ्या ग्रंथीचा कॅन्सर इतर जगाच्या 10 ते 15 पट होतो. दोन-तीन वर्षांच्या मुलीचा आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर मुरमं येतात, नको त्या वयात अंगावर केस येतात. कारण 2001 मध्ये कळलं: टीपी53 या जनुकातला एकच बदल, पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला. तिथल्या पराना राज्यात 1 लाख 71 हजारांहून जास्त नवजात बाळं तपासली, 461 जणांत तो निघाला. ज्यांच्यावर नंतर नियमित लक्ष ठेवलं, त्यांच्यातल्या गाठी लहान असतानाच हाती लागल्या.