ल्यों: दार ढकलून बघावं असं शहर

फ्रान्समधलं ल्यों. सकाळची वेळ. सें-जाँ रस्त्यावरची दुकानं अजून उघडायची आहेत. ५४ नंबरच्या घराचं जाड लाकडी दार बंद दिसतंय, पण कुलूप नाही. बाजूचं बटण दाबायचं, खट्ट झालं की दार ढकलायचं आणि आत शिरायचं.

अंधारा बोळ. भिंतीला टपालपेट्यांची रांग, म्हणजे इथे माणसं राहतात. आवाज खाली ठेवायचा. मग चौक, वर चौकोनी आभाळाचा तुकडा, परत बोळ. असे चार चौक ओलांडले की आपण निघतो थेट मागच्या रस्त्यावर. या आडवाटेला ल्योंकर ‘त्राबूल’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात नाझींना चुकवायला क्रांतिकारकांनी याच वाटा वापरल्या.

फूर्व्हिएरच्या टेकडीवर चढायला दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे. लाडाचं नाव ‘फिसेल’, म्हणजे सुतळी! वर रोमन नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्या आहेत. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये रोमनांनी हे गाव वसवलं. शेजारचं चर्च जरा जास्तच नटलेलं आहे. आम्ही पायऱ्यांवरच बसलो. खाली दोन नद्या, रोन आणि सोन.

जेवण एका ‘बूशों’मध्ये. साधी खाणावळ, चौकड्यांचं टेबलक्लॉथ. मेन्यूत आतडी-कोथळा बराच, तेव्हा विचारून मागवा. शेवटी गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळलेल्या बदामांचा, टार्ट मात्र न विचारता मागवा.

दुपार क्र्वा-रूससाठी राखून ठेवली होती. फूर्व्हिएर ही प्रार्थना करणारी टेकडी, तर क्र्वा-रूस काम करणारी, असं इथे म्हणतात. इथली घरं बघा. खिडक्या उंचच उंच, छत जवळपास ४ मीटरवर. ही उंची माणसांसाठी नव्हती, मागासाठी होती. ल्योंच्याच जोसेफ-मारी जॅकारनं १८०४ मध्ये मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवली. भोक असेल तर सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो. नसेल तर धागा खालीच राहतो. एक पुठ्ठा, नक्षीची एक ओळ. आपल्या येवल्यात ब्रोकेड पैठणी विणतात तो ‘जॅकार्ड’ म्हणजे याच माणसाचं नाव.

खाली माग, वर माळ्यावर झोपलेली पोरं. रेशीम विणणाऱ्या या ‘कानूं’नी मागाच्या आवाजालाही नाव दिलं होतं: बिस्तांक्लाक. कापड राजेरजवाड्यांच्या अंगावर, मजुरी मात्र पोटाला पुरेना. नोव्हेंबर १८३१ मध्ये ते काळा झेंडा घेऊन उतारावरून खाली आले. घोषणा होती, ‘काम करत जगू, नाहीतर लढत मरू.’ वोरास चौकातला सहा मजली दगडी जिना आम्ही सावकाश चढलो. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती.

संध्याकाळी मेट्रोनं मोंप्लेझीर भागात. रस्त्याचं नावच ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’. १९ मार्च १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंच्या कारखान्याचं फाटक उघडलं, कामगार घरी निघाले आणि कॅमेरा फिरत राहिला. जेमतेम ५० सेकंद. टोप्या घातलेल्या बाया, एक कुत्रा, सायकलवाले. ती शेड अजून उभी आहे. आत आता चित्रपटगृह आहे.

७ जुलै १८९६ रोजी हेच कामगार पुन्हा एकदा फाटकातून बाहेर पडले, मुंबईत, काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलातल्या पडद्यावर.